विमानात न चढणारी

एकतीस वर्षं मी उत्पादन शुल्क खात्यात होते.
हायड्रोमीटर बुडवायचा, आकडा वाचायचा,
लाख वितळवून बाटलीच्या मानेवर शिक्का,
घरी येऊन हात दोनदा धुवायचे.
वास जायचा नाही, ही गोष्ट वेगळी.
चव मात्र ठाऊक नव्हती.

आता ग्रेनाडात, ग्वाव्ह गावात,
अर्माइन नोएलच्या हिरव्या टपरीत
उंच स्टुलावर बसले आहे, पाय लोंबकळत.
भाची कॉलेजात कुणाचं तरी यकृत उघडून बघते आहे.
मी इथे, आपलं सांभाळून.

आधी मॉबी. झाडाच्या सालीचं थंड पाणी,
वर फेस, सुरुवातीला गोड,
आणि मग जिभेच्या मुळाशी काडेचिराईत.
माझं तोंड बघून म्हातारा थिओफिलस एवढा हसला
की त्याची डोमिनोची सोंगटी खाली पडली.
"रक्त साफ होतं," अर्माइन म्हणाली.
कडू पाजणाऱ्या बायका सगळीकडे हेच म्हणतात.

मग सॉरेल. लालभडक, आल्याचं, लवंग तरंगणारं.
गाळणीतला चोथा हुंगला आणि ओरडलेच,
अगं, ही तर अंबाडीची बोंडं!
पाला, ज्वारीच्या कण्या, वरून लसणाची फोडणी,
सगळं हातवारे करून सांगितलं.
तिला आमची दया आली असावी,
नाताळच्या झाडाची भाजी करतात म्हणून.

पंच करताना ती कशानेच मोजत नव्हती.
लिंबू मुठीत पिळलं, पाक हवा तेवढा,
रम कानाने ओतली: दोन गटक्, वर थोडी.
माझी बोटं पर्समध्ये उगाच काचेची नळी शोधत राहिली.
शेवटी जायफळ किसलं, जवळजवळ अर्धं.
मी म्हटलं, आम्ही बाळाला सहाणेवर दोन वेढे देतो फक्त,
झोप लागावी म्हणून.
"झोप," ती म्हणाली, किसणी आपटत,
"वादळाने आमची बत्तीस झाडं एका रात्रीत झोपवली.
बाबा दुपारपर्यंत त्यांच्यात बसून होते."
नवं झाड सात वर्षं फळ देत नाही.
तोवर काय केलंत?
"फळीवर जे होतं ते विकलं."

संध्याकाळी खालच्या फळीवरून बिनलेबलची बाटली निघाली.
पाण्यासारखी. पाणी नव्हे.
पाहुण्यांना न्यायला पातळ वेगळी मिळते,
ही विमानात चढत नाही, पेट घेते.
वास आला आणि आकडा मला न बघता कळला.

थिओफिलसने पहिले थेंब जमिनीवर सोडले,
गेलेल्यांसाठी.
चित्राहुती, मी म्हटलं.
"ही कोण बाई?"
बाई नाही हो, जेवणाआधी ताटाभोवती चार शितं ठेवतात,
त्यातलं एक चित्रगुप्ताचं.
"तो कोण?"
हिशेब ठेवणारा.
तोही खात्यातलाच, असं मनात आलं.

"तुझे कोण?" त्याने विचारलं.
आई, वडील, नवरा, यादी तयार होती.
पण ग्लास तिरका केला तेव्हा
सोमी हिलीम आठवली.
मोहाची चार मडकी आम्ही तिच्यासमोर फोडली होती,
पंचनाम्यावर तिचा अंगठा,
आणि ती रडली नाही, शिवीही दिली नाही,
एवढंच म्हणाली,
बाई, चव तरी बघायची होती.

थेंब फरशीवर पडले आणि क्षणात उडून गेले.
उरलेली मी एका दमात प्यायले.
डोळ्यांतून पाणी आलं, नाकातूनही.
थिओफिलस या वेळी हसला नाही.
"आता पाणी पी," अर्माइनने ग्लास सरकवला,
"मागून पाणी, नेहमी मागून,"
आणि वहीत माझ्या नावापुढे
एक उभी रेघ मारली.